मागुराच्या मागावर: नवतपा ते पौष

नवतपा, पहिला दिवस

मे महिन्याच्या अखेरीस, नवतपाच्या म्हणजे सगळ्यांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गोंदिया जिल्ह्यात मासे बघायला जाणारं माणूस एकतर सरकारी खात्यातलं असतं, नाहीतर डोक्याने सरकलेलं. साकोलीला गाडी बदलली तेव्हा कंडक्टरने तिकीट देता देता विचारलंच, "नवेगावले आता काय हाये मॅडम? पाखरं तं गेली." पाखरं गेली होती हे खरं. पण मला हवे होते मिशीवाले मासे: मागूर, शिंगी, टेंगरा, शिंगाळा आणि सगळ्यांचा थोरला शिवडा. हिवाळ्यात बाजारात मिळतात, पावसात रस्त्यावर सापडतात, मग उन्हाळ्यात तलाव आटला की जातात कुठे? ऋतू बदलेल तसं त्याच गावात, त्याच तलावावर पुन्हा पुन्हा यायचं आणि बघायचं, एवढाच बेत होता.

कोहमाऱ्याला हायवे सोडून दक्षिणेला वळलं की तलाव मोजणं सोडून द्यावं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे जुने तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले. टेकड्यांच्या मधली खिंड हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, पाळीच्या पोटात तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, बसवायचं आणि त्यातून पाणी खालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, सोडायचं. नवेगावबांधचा मोठा तलाव याच हिशेबाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पुढे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, गेले, १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी' झाले. लोक सरळ 'मामा तलाव' म्हणतात.

नवेगावचं पाणी मी लांबूनच पाहिलं. ते १९७५ पासून राष्ट्रीय उद्यानात आणि २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे वाटेल तसं गाळात पाय घालून चालत नाही. माझा मुक्काम अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका लहान गावात, ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या लोकांच्या, मोहल्ल्यात होता. घरच्या काकू बाजारात मासे विकतात आणि त्यांचे दीर तलावावर डोंगा, म्हणजे लहान होडी, चालवतात. त्यांना मी काकाच म्हणते. ते मला कधी 'बाई' म्हणतात, कधी 'मॅडम', आणि माझा प्रश्न फारच बावळट वाटला तर नुसतं "हं जी".

उन्हं उतरल्यावर काकांनी तलावावर न नेता एका बोडीवर नेलं. बोडी म्हणजे शेतकऱ्याने शेताच्या वरच्या अंगाला स्वतःपुरती बांधलेली लहान तळी. पाणी नावालाही नव्हतं. तळाला भेगा, त्यावर बकऱ्यांच्या लेंड्या. मी काकांकडे बघितलं.

"वरून वाळली हाये. खाली जित्ती हाये," ते म्हणाले.

पाळीच्या सावलीला, जांभळीच्या मुळांजवळ टाच दाबत ते थोडं फिरले आणि एका जागी थांबले. फावड्याने वरची खपली उलटवली. वीतभर खाली माती ओलसर होती, आणखी खाली काळा, थंड, कुजक्या पानांच्या वासाचा गाळ. त्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ चाचपडून एक मागूर वर काढला. वीत-सव्वा वीत लांब, काळपट तपकिरी, अंगावर खवला नाही, डोकं वरून दाबल्यासारखं चपटं, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, पाठीवरचा पर डोक्यामागून निघून थेट शेपटीजवळ पोचलेला. काकांनी तो एका विशिष्ट पद्धतीने धरला होता: अंगठा एका बाजूच्या काट्यामागे, तर्जनी दुसऱ्या बाजूच्या काट्यामागे, डोकं तळव्यात. छातीच्या परातला हा काटा मासा उभा करून जागच्या जागी कुलूपबंद करतो. मग हाताला भोक पडल्याशिवाय सुटका नाही.

बादलीत चार बोटं पाणी घालून त्याला सोडलं. थोड्या वेळाने तो वर आला, एक घोट हवा घेतली आणि कल्ल्याच्या फटीतून दोन बुडबुडे सोडत खाली गेला. थोडं थांबून पुन्हा तेच. मागुराच्या कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, फांद्या फुटलेला एक लालसर अवयव असतो. त्यातून तो हवेतला प्राणवायू घेतो. शिंगीची सोय वेगळी आहे, तिच्या पाठीच्या स्नायूंत दोन लांब नळ्या मागपर्यंत जातात. म्हणून पाणी आटलं तरी अंग ओलं राहील एवढा गाळ या दोघांना पुरतो. भूक मारायची, हालचाल बंद करायची आणि पावसाची वाट बघत पडून राहायचं. कतल्याला असल्या जागी टाकलं तर तो अर्धा तासही काढणार नाही.

काकांनी मागूर परत गाळात ठेवला, वरून माती सारली, खपली नीट लावली. "खायचा नाही?" मी विचारलं.

"आता कायले खाता? हाडकं रायली त्याची."

दुसरा दिवस

पहाटे साडेचारला डोंग्यात. पूर्वी डोंगा एका खोडातून कोरायचे. आता तेवढं लाकूड मिळत नाही, म्हणून हा पत्र्याचा. तलावाचं पाणी पाळीजवळच्या खोलगट भागात गोळा झालं होतं, बाकी सगळा चिखल आणि त्यापलीकडे फुटलेली जमीन.

पाण्यावर सगळीकडे तोंडं दिसत होती. रोहू, कतला, मृगळ वर येऊन 'पक पक' करत होते. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती श्वसन करतात, उजेड नसल्याने प्राणवायू तयार होत नाही, आणि तापलेल्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो. त्यामुळे उजाडण्याच्या थोडं आधी पाण्यातला साठा तळाला गेलेला असतो. काकांचा चेहरा उतरला होता. हे मासे ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचे, बी, म्हणजे बारकी पिल्लं, विकत आणून सोडलेले. वळीव नीट आला नाही, नुसताच शिंतडून तळ ढवळून गेला, तर एका सकाळीत सगळे उलटे पडतात. मिशीवाल्यांपैकी त्या तोंडांत एकही नव्हता.

ते सापडले काठाला, म्हणजे त्यांच्या खुणा सापडल्या. पाणी नुकतंच मागे हटलेल्या ओलसर पट्ट्यात परातीएवढे गोल खड्डे होते, कडा साफ, तळ गुळगुळीत. शिंगाळ्याची ही घरं. तो पावसाची वाट बघत नाही. पाणी उथळ आणि बऱ्यापैकी नितळ असतं त्या उन्हाळ्यातच तळ उकरून खड्डा करतो, अंडी त्यात पडतात आणि नर वर पहारा देतो. उघडे पडलेले खड्डे सोडून दिलेले होते. काकांनी डोंगा पाळीकडे वळवला आणि कमरेएवढ्या पाण्यातला एक खड्डा दाखवला. मला नुसती फिकट चकती दिसली. त्यांना तिच्यावर मासा दिसत होता. "पाहा ना जी, शेपूट हालते." मी "हो हो" म्हटलं. शेपूट मला शेवटपर्यंत दिसली नाही.

दुपारी पाळीवरच्या चिंचेखाली संस्थेची मंडळी बसली होती. तिथे कळलं की मिशीवाल्यांबद्दल गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, शिवडा आणि शिंगाळा सोडलेलं बी खातात, त्यांना संपवलं पाहिजे. दुसरा म्हणतो, बी विकत घ्यावं लागतं, मागूर फुकट येतो आणि भाव जास्त देतो. दोन्ही खरं आहे. रोहू-कतल्याचं बी आज कुठेही मिळतं याचं कारण १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांना बंदिस्त जागी अंडी घालायला लावलं. मागुराचं तसं सोपं नाही. मादीचं पोट दाबून अंडी काढता येतात, नराचं पोट दाबून काही निघत नाही. त्याला मारून वृषण काढावे लागतात. शिवाय रोहूची मादी लाखांनी अंडी देते, मागुराची काही हजार. थोडक्यात, मागूर अजून बराचसा पावसाच्या आणि शेताच्या भरवशावर आहे.

ऊन एवढं होतं की पुढचा दिवस घरात काढला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आर्द्रा लागता लागता

मृग कोरडा गेला. काकूंचा फोन आला तेव्हा आर्द्रा तोंडावर आली होती. "या आता. पानी पडला." मी विचारलं, आज रात्री निघतील का मासे? त्या हसल्या. "पहिला पानी जमीन पिते. दुसरा वाहाते. दुसऱ्याले या."

दुसरा पाऊस मी गावात शिरता शिरताच सुरू झाला. दिवसभराच्या उकाड्यावर आभाळ फुटलं आणि तासाभरात अंगणात पाणी खेळायला लागलं. बेडकांचा आवाज एवढा की घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. रात्री नऊच्या सुमारास काका, काकू, काकूंचा मुलगा आणि मी प्लास्टिकचे घोंगते पांघरून निघालो. पाळीकडे जायचं सोडून आम्ही उलट्या दिशेला, तलावाच्या वरच्या अंगाला गेलो. तिथून शेतांचं पाणी ओघळांनी तलावात उतरतं आणि त्याच ओघळांनी मासा उलटा शेतात चढतो.

आधी आवाज आला. टेंगऱ्यांचा. बोटभर-वीतभर लांबीचे, चांदी-पिवळ्या अंगाचे, झुंडीने येणारे. हातात घेतला की छातीचा काटा सांध्यात घासून 'कर्र कर्र' करतो. काकूंच्या मुलाने टोपल्यात दहा-पंधरा टाकले आणि टोपलंभर कुरकुर सुरू झाली. टॉर्चच्या उजेडात ओघळ उकळत असल्यासारखा दिसत होता.

मग मागूर. खरं तर मी पाण्यातच बघत होते. काकूंनी माझा हात धरून टॉर्च धुऱ्यावर वळवला. दोन बांध्यांच्या मधला तो हातभर उंचीचा धुरा, त्यावर ओलं गवत आणि गवतातून एक मागूर चालत होता. 'चालत' हा शब्द मी विचार करून वापरते आहे. एका बाजूचा काटा जमिनीत रोवायचा, अंगाला झटका द्यायचा, मग दुसऱ्या बाजूचा काटा, दुसरा झटका. पुढे सरकण्यापेक्षा डावीउजवीकडेच जास्त जातोय असं वाटत होतं, पण मिनिटाभरात तो धुऱ्याच्या पलीकडे होता आणि बांधीच्या पाण्यात 'चुळुक' करून गडप. त्याच्यामागून आणखी एक आला. तिसरा अर्ध्यावर थांबला, तोंड उघडून हवा घेतली आणि पुन्हा निघाला. नवतप्यात जो गाळात मेल्यासारखा पडला होता, त्याचाच हा भाऊबंद.

हे कशामुळे घडतं ते एका गोष्टीवर बोट ठेवून सांगता येत नाही. पाणी गार होतं, वाहायला लागतं, शेतातल्या मातीचा आणि पालापाचोळ्याचा वास घेऊन येतं. मिशीवाल्या माशाच्या मिशांवरच काय, अंगाच्या कातडीवरही चव कळणाऱ्या पेशी असतात. त्याला नवं पाणी सगळ्या अंगाने कळतं. पोटात अंडी तयारच असतात. वर चढल्यावर मिळतं ते उथळ, कोमट, किडा-गांडुळांनी भरलेलं पाणी, आणि मोठे मासे तिथे सहसा पोचत नाहीत.

शिवडा मात्र पोचतो. तलावाच्या कडेला बुडालेल्या गवतात, नडगीएवढ्या पाण्यात, काकांनी जोडी दाखवली. पाठी पाण्याबाहेर, अंगं एकमेकांना पीळ घालून, मध्येच शेपटीचा दणका आणि चिखल आमच्या तोंडावर. एकेक जवळजवळ हात-दीड हात लांब होता. शिवड्याचं तोंड एकदा जवळून बघावं, जबड्याची चीर डोळ्याच्याही मागे जाते आणि आत बारीक दातांचे पट्टे असतात. ते दात मी नंतर, पौषात, हात लावून पाहिले. त्या रात्री जवळ जायची इच्छा झाली नाही.

गावातली निम्मी माणसं बाहेर होती. कुणाकडे फेकजाळं, कुणाकडे मच्छरदाणीचा तुकडा, पोरांकडे नुसत्या काठ्या. काठ्यांचं मला बरं वाटलं नाही. काकूंनी टेंगरे घेतले, दोन-चार बारके मागूर घेतले. एक मोठी मादी हातात आली तेव्हा त्यांनी अंगठ्याने पोट चाचपलं, "पोटुशी हाये, जाऊ दे," म्हटलं आणि ती बांधीत सोडली. शेजारच्या काठीवाल्या पोराने तीच पुन्हा गाठू नये म्हणून तिथेच पाय रोवून उभ्या राहिल्या. त्या पोराच्या आजीशी त्यांची मग बरीच वादावादी झाली. ती झाडीबोलीत, म्हणजे इथल्या मराठीत, झाली आणि निम्मी मला कळली नाही. कळली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

सकाळी

पाऊस थांबला होता. काकांनी एका धुऱ्याच्या बुडाशी, गवताच्या मुळांत, ओंजळभर खळगा दाखवला. गवत बाजूला करायला मनाई होती, वाकून बघायचं. मुळांना चिकटलेली पिवळट हिरवी अंडी, ज्वारीच्या दाण्याहून लहान, आणि खाली एक काळी सावली. बाप. पाणी उबदार असलं की दिवसभरात पिल्लं बाहेर येतात. तोवर तो जागा सोडत नाही. बांधीत नांगर फिरला किंवा कुणी तणनाशक मारलं तर मात्र त्याच्या राखणीचा काही उपयोग नाही.

तिथून रस्त्यावर आलो. शेतं आणि तलाव यांच्यामधून आता डांबरी रस्ता गेलाय. ओघळासाठी खालून सिमेंटचा पाईप घातलाय. पाईप घालणाऱ्याने पाण्याचा विचार केला होता, पाणी व्यवस्थित पलीकडे जात होतं. पण तलावाच्या बाजूला पाईपचं तोंड जमिनीपासून गुडघाभर उंच लटकत होतं आणि त्याखाली पडणाऱ्या धारेत रात्रभर टेंगरे उड्या मारून मारून थकले होते. बगळ्यांची चंगळ चालली होती. मागुरांनी पाईपचा नाद सोडून रस्ता ओलांडला होता. किती जणांना ते जमलं नाही हे डांबरावर दिसत होतं, दुधाच्या गाड्या पहाटेच सुरू होतात.

माझं मत इथे पक्कं झालं. इतके दिवस मी तलाव बघत होते. या माशाचं घर म्हणजे तलाव, ओघळ, बोडी आणि बांधी मिळून एक जागा आहे, आणि त्यातला सगळ्यांत महागाचा भाग म्हणजे हातभर रुंदीचा ओघळ. तलावाच्या खोलीकरणाला पैसे येतात, सुशोभीकरणाला येतात, ओघळाला कोण देणार?

संस्थेची दोन पोरं दुपारपर्यंत घमेली घेऊन आली आणि पाईपखाली दगड-मातीचा उतार रचायला लागली. कुणी सांगितलं म्हणून नाही, तर त्याच रात्री पुन्हा पाऊस होता म्हणून.

चित्रा

ऑक्टोबरात तोच रस्ता ओळखू येत नाही. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान पिवळा पडलेला, उशिराचा भारी अजून हिरवा, आणि सगळीकडे त्या धानाचा गोडसर वास. येताना एका बांधीत सारसांची जोडी दिसली, एसटीतल्या कुणी मान वळवून बघितलंही नाही.

आता उलटा प्रवास. कापणीसाठी बांध्यांचं पाणी सोडतात आणि त्या पाण्यासोबत मासा खाली उतरतो. धुऱ्याला पाडलेल्या प्रत्येक फटीत बांबूच्या कामट्यांचा सापळा लावलेला, आत जाताना कामट्या वाकतात, बाहेर येताना अडवतात. सकाळी सापळे उलटले की बोटभर मागूर, शिंग्या, टेंगरे, खेकडे आणि एखादा चिडलेला पाणसाप. शिंगीला पोरंसुद्धा हात लावत नाहीत. तिच्या काट्याच्या बुडाशी विष असतं. काकांच्या अंगठ्याखाली जुना पांढरा व्रण आहे, तो तिचाच. उपाय काय केला विचारलं तर म्हणाले, सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात धरून बसलो. डॉक्टरही पहिल्यांदा तेच सांगतात, उष्णतेने त्या विषाची धार कमी होते.

बोटभर मागूर काकांनी तलावात सोडायला लावले. सगळ्यांनी ऐकलं असं नाही.

तलावही बदललेला होता. या तालुक्यात आणि शेजारच्या साकोली भागात ढिवरांच्या संस्थांनी, त्यातही बायकांनी, काही तलावांतली बेशरम नावाची माजलेली झुडपं उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. काही तळात रुजणाऱ्या, काही तरंगणाऱ्या, काठाला देवधान, म्हणजे रानटी भात. कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे काकू बोटांवर सांगतात. डोंग्यातून खाली बघितलं तर पाण्याखाली जंगल उभं होतं आणि त्यात वांझोटी म्हणावी अशी एकही जागा नव्हती. प्रत्येक देठाशी काहीतरी हलत होतं.

संध्याकाळी आठवडी बाजार. एका पाटीत 'मागूर, मागूर' म्हणून ओरडून विकत होते, एकेक मासा हाताएवढा लांब. काकूंनी मला कोपराने ढोसलं. देशी मागूर एवढा होत नाही, वीत-दीड वीत झाला तरी थोराड. हा आफ्रिकी, ज्याला थाई मागूर म्हणूनही विकतात. अंगावर ढगाळ डाग, डोकं लांबट आणि खरबरीत, कवटीची मागची कड टोकदार. देशीची ती कड गोलसर असते. हा वाट्टेल ते खातो, मीटरभर वाढतो आणि तळ्यातून निसटला की देशी माशांचा फडशा पाडतो. देशात २००० सालापासून त्याच्यावर बंदी आहे, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याची तळी नष्ट करायचे आदेश दिले, तरी पाटीत तो आहेच. गिऱ्हाईक मोठा मासा बघून खूश. देशी मागूर मात्र जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे आणि तो काकूंच्या टोपल्यात खाली, ओल्या गोणपाटाखाली, हवा घेत बसलेला. गोणपाट ओलं असलं की तो घरापर्यंत जिवंत जातो. देशी घ्यायचा तर जिवंतच घ्यावा, मेलेला मागूर कुणी घेत नाही.

पौष, इटियाडोह

गावच्या तलावावर या दिवसांत मिशीवाला शोधणं म्हणजे वेळ घालवणं. गोंदियाचा पारा दहाच्या खाली उतरतो, पाणी गारठतं, मागूर गाळाला चिकटतो, टेंगरा तळातल्या झाडीत शिरतो. थंड पाण्यात खाल्लेलं पचायलाच वेळ लागतो, त्यामुळे गरीला तोंड लावायची त्यांना गरज नसते. म्हणून काकांनी या वेळी इटियाडोहला नेलं. गाढवी नदीवरचं हे धरण. नदीचं जुनं पात्र जलाशयाच्या तळाशी आहे आणि हिवाळ्यात शिवडा, शिंगाळा त्या खोल चराला धरून असतात. तिथे पाणी दिवसरात्र जवळजवळ सारखं राहतं.

पहिल्या रात्री लांब दोरीला हातभर अंतराने गऱ्या बांधून सोडल्या, आमिष कोंबडीची आतडी. सकाळी गऱ्या तशाच, आतडी तशीच. शेकोटीजवळ बसलेला एक म्हातारा ढिवर म्हणाला, "थंडीत रातचा नाई भेटत जी. दुपारचा पाहा." हा पुस्तकात न सापडणारा हिशेब. एरवी हे मासे रात्रीचे, पण पौषात दुपारी दोन-तीनच्या सुमारास खडकाळ काठाचं पाणी तापतं, बारका मासा तिथे उबेला येतो आणि त्याच्यामागे शिवडा चरातून वर सरकतो.

मधल्या वेळात गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत जाऊन गरम थुकपा खाल्ला. झाडीपट्टीच्या मध्यावर प्रार्थनेच्या पताका फडफडताना बघून दर वेळी मजा वाटते. तिथल्या एका आजींना मी मराठीत पत्ता विचारला, त्यांनी अस्सल झाडीबोलीत सांगितला.

दुपारी जिवंत टेंगऱ्याचं आमिष लावून दोन गऱ्या खडकाच्या कडेने सोडल्या. तीन वाजून गेल्यावर एक दोरी तिरकी चालायला लागली. शिवडा रोहूसारखा झुंजत नाही, एक जड ओढ लागते आणि मग तो अंग आडवं करून पडून राहतो. काकांनी घाई केली नाही. डोंग्यात आला तेव्हा तो माझ्या हाताएवढा होता: चंदेरी, चपटा, दोन मिशा अंगाच्या निम्म्यापर्यंत लोंबणाऱ्या, पोटाखालचा पर शेपटीपर्यंत झालरीसारखा. तोही आता लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून गणला जातो. काकांनी गरी काढताना मी बोट त्याच्या जबड्यावर फिरवून पाहिलं. दात आतल्या बाजूला कललेले, घासणीसारखे. आत जाताना लागत नाहीत, बाहेर येताना सोडत नाहीत.

काठावर तो कापला तेव्हा चिंचेखालच्या वादाचा निकाल लागेल म्हणून मी पुढे सरसावले. पोटात निघाले आमच्याच आमिषाखेरीज आणखी दोन टेंगरे, एक ओळखू न येणारा लगदा आणि एक बोटभर रोहू.

"पाहा, बी खाल्ला," बरोबर आलेला संस्थेचा माणूस म्हणाला.

"एक खाल्ला," काका म्हणाले. "अन् हे टेंगरे काय भजन करत होते? टेंगरा रोहूचा बारका बी नाई खात काय?"

वाद तिथेच अडला, कारण व्यापाऱ्याची गाडी आली. धड विकलं गेलं, डोकं घरी आलं. काकूंनी ते राखेने चोळून बुळबुळ काढली, दोनदा धुतलं, लसूण, वाळलेली मिरची आणि भाजलेल्या कांद्याचं वाटण जवसाच्या तेलात परतून रस्सा केला. बरोबर नव्या चिन्नोरचा भात. मला गालाचा तुकडा मिळाला. बाकी डोकं काकांच्या ताटात गेलं आणि पाहुणी म्हणून माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.